ताईने दिलेलं मोजत नाहीत

घरातल्या वजनकाट्याने सायमोनेला पाहून पहिल्याच दिवशी राजीनामा दिला. काट्याची हद्द एकशे वीस किलोला संपायची आणि सायमोने तिथून पुढे सुरू व्हायचा. म्हणून तो गोदामातल्या मालाच्या काट्यावर स्वतःला तोलू लागला. मांगेरेतल्या त्या गोदामातून समुद्रापार त्याच्या मायदेशी, टोंगाला, पिंपं जात. पिंपात चादरी, साबण, बिस्किटांचे डबे, सायकली, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरची अख्खी खुर्ची. काट्यावर काहीही ठेवलं की शेजारचं यंत्र आपणहून चिठ्ठी छापायचं. सायमोने चढला की टोंगातल्या बंदराच्या नावाने चिठ्ठी यायची: नुकुआलोफा. जड माल. दोघांनी उचलावा.

“दोघांनी?” उआता म्हणायचा. उआता त्याच्या जोडीने पिंपं भरायचा आणि तोंडही त्याच वेगाने चालवायचा. “यंत्राला तुझ्याबद्दल फारच आदर आहे बाबा. मी असतो तर क्रेन बोलावली असती.”

“आकडा सांग.”

“एकशे अडतीस. पण हा काटा पुढच्या किलोला धरतो बरं का. भाडं जास्त मिळावं म्हणून.”

“म्हणजे मी खरा कमीच आहे.”

“सगळे जाडे हेच म्हणतात.”

एकशे अडतीसवरून एकशे पंधरावर यायचं होतं. हा आकडा इस्पितळाने दिला होता. सायमोनेची मोठी बहीण लोसालिने हिची दोन्ही मूत्रपिंडं संपली होती, आणि आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनमधून धुऊन निघत होतं. सायमोनेचं रक्त तिच्याशी जुळलं, बाकी सगळं जुळलं, फक्त पोट आड आलं. एवढ्या पोटातून काही काढायचं म्हणजे आमचेही हात पुरायचे नाहीत, एकशे पंधराच्या खाली या, मग बघू, असं डॉक्टर जरा सभ्य शब्दांत म्हणाला. सायमोनेने एकच अट घातली. नक्की होईपर्यंत ताईला कळता कामा नये.

त्याला कारण होतं. टोंगाचा माणूस बहिणीसमोर पोटदुखीचंही नाव काढत नाही, तो मूत्रपिंडाचं कुठून काढणार? मोठी झालेली बहीण आणि भाऊ एका छपराखाली झोपत नाहीत, एका खोलीत बसून टीव्ही बघत नाहीत, एकमेकांची थट्टा तर मुळीच करत नाहीत. बहीण वरची, भाऊ खालचा. हे पटायला तिच्यासारखी बहीण असावी लागते. सायमोने ताईच्या घरामागच्या गॅरेजमध्ये राहायचा. आई गेल्यापासून दोघांचं समोरासमोर जे काही बोलणं झालं होतं ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यातलं अर्धं हवेबद्दल होतं.

बाकीचं दळणवळण सेइनी करायची. सेइनी म्हणजे लोसालिनेची मुलगी, बेकरीत कामाला. बहिणीचं लेकरू मामाकडून वाटेल ते उचलू शकतं आणि मामाने हसायचं, असा नियम. त्या नियमाने सेइनीने आजवर मामाचा टीव्ही, मामाची गाडी आणि एकदा मामाचे बूट नेले होते. बुटात तिचे दोन्ही पाय एकदम मावत होते. ते का नेले हे तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा मामाला हक्क नव्हता. आईसाठी रक्त तपासून घ्यायला सगळ्यांत आधी तीच धावली होती. तिचं जुळलं नाही.

सायमोनेला वजनाच्या कामी इस्पितळाने हॅरिएट दिली होती. हॅरिएट आहारतज्ज्ञ. बारीक, प्रामाणिक, आणि एका सफरचंदाकडे दोन्ही बाजूंनी बघणारी. तिने त्याच्या फोनमध्ये कॅलऱ्या मोजायचं ॲप घालून दिलं. तोंडात जाईल ते त्यात जायला हवं. सायमोने इमानी माणूस. पाव घातला, टूनाचा डबा घातला, पाद्रीबुवांकडे मान ठेवायला खाल्लेला अर्धा केकही घातला. चर्चच्या हॉलमध्ये मित्र कावाचं पातेलं घेऊन बसले की तोही बसायचा, कारण कावाला ॲपने जवळजवळ शून्य दिलं होतं. ज्या पेयाने रात्रभर पाय सुन्न होतात त्याला शून्य आणि एका केळ्याला शंभर, हे बघून त्याचा शास्त्रावरचा विश्वास थोडा हलला, पण मोजणं त्याने सोडलं नाही.

आणि तरी काटा हलेना.

“तुमच्या फोनप्रमाणे,” हॅरिएट पडद्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही गेल्या महिन्यातच बारीक झालात.”

“मला कुणी कळवलं नाही.”

“सायमोने, काहीतरी राहतंय. आठवा बरं. रविवारी काय खाता?”

“रविवारी ताई लू पाठवते.”

“लू?”

त्याने हातांनी दाखवलं. अळूची पानं, त्यात खारं बीफ, कांदा, वर नारळाचं दाट दूध, सगळं फॉइलमध्ये गुंडाळून उमूत, जमिनीतल्या भट्टीत, निखाऱ्यांवर भाजायचं. हॅरिएटची पेन्सिल थांबली.

“नारळाचं दूध किती?”

“ताईला वाटेल तेवढं.”

“म्हणजे किती कप?”

“ताईला कप माहीत नाही. नारळ माहीत आहे.”

“आणि हे तुम्ही ॲपमध्ये का नाही घातलं?”

“ते जेवण नाही,” सायमोने म्हणाला. “ते ताईने दिलेलं आहे.”

“पण खाता ना?”

“खातो ना.”

“मग मोजायला नको?”

भर प्रार्थनेत पाद्रीबुवांना काट्यावर चढवा असं कुणी सांगावं तसा त्याने तिच्याकडे पाहिलं. बहिणीने दिलेलं भाऊ मोजत नाही. जास्त झालं म्हणत नाही, कमी पडलं म्हणत नाही. आलं की खायचं, आणि भांडं धुऊन परत द्यायचं.

“एखाद्या रविवारी नको म्हणता येणार नाही?” हॅरिएटने विचारलं.

सायमोने एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरची नर्स डोकावून गेली.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्याला हॅरिएटला सांगता आली नाही. लोसालिनेला लू बंद होता. अळू बंद, नारळ बंद, खारं बीफ तर बंदच. रताळी दोनदा उकळून, दोन्ही पाणी फेकून, उरेल ते खायचं. मशीनने तिचं रक्त धुतलं आणि यादीने तिचं ताट. ती उमूवरून फॉइल काढायची, वास घ्यायची, बोटांना लागलेलं दूध नळाखाली धुऊन टाकायची, आणि पातेलं गॅरेजमध्ये पाठवायची. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायची. गॅरेजचं दार उघडं ठेवून सायमोने तिच्या नजरेच्या टप्प्यात बसायचा आणि शेवटच्या पानापर्यंत खायचा. दोघांची भेट म्हणतात ती एवढीच. ती बंद करायची म्हणजे काय करायचं, हे ॲपमध्ये नव्हतं.

शेवटी त्याने सेइनीला सगळं सांगून टाकलं. सेइनी आधी रडली. मग तिने मामाच्या शर्टाला नाक पुसलं, कारण तोही एका अर्थी तिचाच होता.

“मग सोपं आहे की,” ती म्हणाली. “तू नाही म्हणू शकत नाहीस. पण मी तुझ्या ताटातलं उचलू शकते. माझा हक्कच आहे.”

आणि ती उचलू लागली. रविवारी सायमोने दारात बसायचा, ताईला दिसतील असे दोन घास खायचा आणि जरा आत सरकायचा. आत दाराआड सेइनी मांडी घालून तयार. मामाचा काटा उतरू लागला. एकशे तीस. एकशे पंचवीस. सेइनीचा बेकरीतला झगा आधी काखेत उसवला, मग पाठीत. घराचं एकूण वजन तेवढंच राहिलं, त्याने फक्त जागा बदलली.

“मामा, तू लवकर बारीक हो,” ती एकदा धापा टाकत म्हणाली. “नाहीतर आईला तुझं मूत्रपिंड मिळेपर्यंत मला कपाटभर नवे कपडे लागतील.”

पण पातेलं वाढत चाललं. आधी त्यात एक लू असायचा, मग दोन आले. मग दोनांच्या जोडीला मेंढीच्या चरबीदार पट्ट्या आल्या. आधी फक्त रविवारी यायचं, ते बुधवारीही येऊ लागलं. लोसालिने मशीनवरून पिवळी पडून यायची, खुर्ची ओढून बसायची आणि बसल्या बसल्या नारळ खवायची. सेइनीने हात टेकले.

एका शनिवारी ती गॅरेजमध्ये आली आणि पिंपावर बसली. चेहरा उतरलेला.

“मामा, आईला माहीत आहे.”

“काय?”

“सगळं. पहिल्यापासून.”

“कुणी सांगितलं? इस्पितळाने?”

“तूच. चर्चच्या जेवणात तू एका ताटावर थांबलास ना, तेव्हा. आई म्हणते, आपला माणूस दोनच कारणांनी एका ताटावर थांबतो. एक तर तो मेलाय, नाहीतर काहीतरी द्यायला निघालाय. मशीनवर तिच्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईचा मुलगा असाच वाळत चाललाय म्हणे. तिला लगेच कळलं.”

सायमोने खाली बसला. “मग ती एवढं खायला का...”

“म्हणूनच तर.” सेइनी म्हणाली. “मी म्हटलं, अगं आई, मामाला उतरायचंय ना, मग तू एवढं का पाठवतेस? तर म्हणाली, उतरू नये म्हणूनच पाठवते. आजीने मरताना त्याला माझ्या पदरात टाकला होता, अख्खा. मला तो अख्खाच परत करायचाय.”

म्हणजे इतके महिने बहीण-भावाचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, आणि ते फक्त एकालाच माहीत होतं.

आता दुसऱ्यालाही कळलं म्हटल्यावर भांडणाला रंग चढला. सेइनी मागच्या दारातून गॅरेजकडे आणि गॅरेजमधून मागच्या दाराकडे.

“सांग तिला, एक काढलं तरी माणूस छान जगतो.”

“आई म्हणते, न काढता आणखी छान जगतो.”

“सांग, डॉक्टर म्हणालेत.”

“आई म्हणते, डॉक्टर तिचा भाऊ नाही.”

“सांग, मी मोठा झालोय.”

“आई म्हणते, ते दिसतंच आहे, काट्यावर मावत नाहीस.” सेइनी दाराला टेकली. “आणि मी म्हणते, आता फोनवर बोला. मला एवढं चालवत नाही. मी जाड झालेय.”

फोनवर ती दोघं बोलणार नव्हती. शुक्रवारी गोदामाच्या काट्याने एकशे सतरा दाखवले होते. दोन किलो. आणि लोसालिनेचे पाय आता संध्याकाळी असे सुजायचे की चपला हातात धरून ती अंगणातून चालायची. सायमोने तिला गॅरेजच्या काचेतून बघायचा. एका लूमध्ये नक्की किती कॅलऱ्या असतात ते त्याला माहीत नव्हतं, पण दोन किलो म्हणजे किती ताई, ते कळत होतं.

रविवारी चर्चनंतर पातेलं आलं. कापडाने बांधलेलं, गरम, तीन लू. सेइनीने ते त्याच्यासमोर ठेवलं आणि आत सरकून मांडी घातली. खिडकीत ताई उभी होती.

सायमोनेने फॉइल उघडलं नाही.

“परत ने,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“परत ने. सांग, सायमोने नको म्हणाला.”

सेइनी हललीच नाही. “मामा, असं कुणी करत नाही.”

“मला माहीत आहे.”

“अरे, मी खाते ना तिन्ही. मला खाऊ दे. कुणालाही कळणार नाही.”

“तिला कळलं पाहिजे,” सायमोने म्हणाला. “मी तिला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगू?”

सेइनी पातेलं घेऊन अंगणातून गेली, एखाद्याच्या घरी वाईट बातमी घेऊन जावं तशी. सायमोनेने खिडकीत बघितलं. ताईने पातेलं घेतलं. कापड सोडलं. फॉइलला हात लावून बघितला, अजून गरम आहे का ते. मग तिने भावाच्या दिशेने मान उचलली, आणि जन्मात पहिल्यांदा नजर खाली न घालता सायमोनेने तिच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिने मान जराशी हलवली, पत्त्यांच्या डावात समोरच्याने चांगलं पान टाकलं की हलवतात तशी. मग पडदा ओढला.

सायमोनेला वाटलं, आपण जिंकलो. मग सवयीने भांडं धुवायला त्याने हात पुढे केला, आणि भांडं नव्हतं.

सेइनी संध्याकाळच्या प्रार्थनेला गाणाऱ्यांबरोबर गेली. शुक्रवारनंतर मशीन सोमवारी असायचं. सोमवारी सकाळी मशीनला न्यायची गाडी आली, भोंगा वाजवून थांबली, आणि लोसालिने बाहेर आली नाही. सेइनीची हाक गॅरेजपर्यंत आली तेव्हा सायमोने आजवर कधीच ओलांडलं नव्हतं ते दार ओलांडून ताईच्या खोलीत गेला. रुग्णवाहिकेतली माणसं आली, त्यांनी गुडघे टेकले, आणि मग हळूहळू उठली.

“काल काय खाल्लं होतं त्यांनी?” त्यांच्यातल्या बाईने विचारलं.

सेइनी स्वयंपाकघरात गेली आणि फॉइलचे तीन चौकोन घेऊन आली. धुतल्यासारखे स्वच्छ. चाटून पुसून. त्या घरात अन्न टाकत नाहीत. भावाने परत पाठवलेलं अन्न दुसऱ्याच्या घरी देता येत नाही, तीही लाजच. मग ते कुणाच्या पोटात जाणार?

बाईने समजावून सांगितलं, हळू आवाजात. अळू, नारळ, मीठ, त्यात मशीनचा खंड. अशा माणसांचं रक्त तेवढं सोसत नाही. हृदय एकदम थांबतं. त्रास झाला नसेल.

“मामा,” सेइनी म्हणाली, “तिच्या ओठांना नारळाचं दूध लागलंय. तिने पुसलं नाही.”

इतकी वर्षं त्या हातांनी लू बांधला आणि बोटं नळाखाली धुतली. आता तिने भांडण एका घासात संपवलं, की नुसती भूक लागली होती, की दोन्ही, हे सायमोनेला कळायला मार्ग नव्हता. ताईला विचारायची सोय नव्हती. ती आधीही नव्हती.

अंत्यविधीला बहिणीपेक्षा खालच्यांनी मागे राहायचं असतं, चुलीपाशी. सायमोने उमूवर होता. आईच्या अंत्यविधीला शोकाची खूण म्हणून बांधलेली फाटकी मोठी चटई त्याने पुन्हा कमरेला बांधली. तेव्हा तिची टोकं कशीबशी भेटली होती. आता ती एकावर एक येऊन मागे गेली आणि दोरी लोंबत राहिली. बायका म्हणाल्या, बघा किती खंगला बिचारा, दोन दिवसांत. तो अळूची पानं पुसत राहिला, दूध ओतत राहिला. मोजत नव्हता.

हॅरिएट आली. काळा कोट, हातात फुलं, पायात नेमके चिखलात रुतणारे बूट. तिला कुणीतरी मांडवात बसवलं आणि तिच्यापुढे ताट ठेवलं: लू, रताळी, डुकराचं मांस, मासा, वर केकचा तुकडा. तिने ताटाकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. आणि ती खाऊ लागली. सावकाश, सगळं, घामाघूम होत, शेवटच्या पानापर्यंत. मग ताट घेऊन मागे चुलीपाशी आली.

“किती होतं ते मी बघितलं नाही,” ती म्हणाली.

“बरं केलंत,” सायमोने म्हणाला.

तिला आणखी काही म्हणायचं असावं. ती ताट धुऊ लागली, बायकांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, तिने ते परत ओढलं. त्या ओढाताणीत रडायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात सायमोने कामावर गेला. उआताने पिंपांवर नावं लिहायचं काम आधीच उरकलं होतं आणि आता तेच पुन्हा करत होता. जेवायच्या सुट्टीत काही कारण नसताना सायमोने काट्यावर चढला. सवयच.

“एकशे चौदा,” उआता म्हणाला. “अरे, पोचलास की...” आणि त्याने तोंड मिटलं. उआताचं तोंड मध्येच मिटलेलं गोदामाने पहिल्यांदाच पाहिलं.

यंत्राने चिठ्ठी छापली. नुकुआलोफा. जड माल. दोघांनी उचलावा.

सायमोनेने ती घडी घालून खिशात टाकली आणि पिंपावर बसून डबा उघडला. सेइनीने दिला होता. फॉइल वेडंवाकडं गुंडाळलेलं, एका बाजूने दूध गळालेलं. तिचा पहिला लू. सकाळी तिने तो गॅरेजच्या दारात ठेवला होता आणि जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली होती.

मीठ फार झालं होतं. पानं कच्ची होती, घशात खवखवत होती. फोन किणकिणला: आज तुम्ही अजून काहीच नोंदवलेलं नाही.

सायमोनेने फोन उलटा ठेवला आणि खाल्लं. सगळं. मग डबा नळाखाली धुतला, पुसला, परत द्यायला.